वाचकांचे प्रश्न : चित्राच्या नावात दडलेला अक्षांश

प्रश्न : मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या एका चित्राचं नाव 'टीआरए_०००८७३_१७८०' आहे. शेवटचा आकडा अक्षांश दाखवतो म्हणे. १७८ अंश अक्षांश कसा असेल?

उत्तर : आकडा अक्षांशच सांगतो, पण यानाच्या फेरीच्या हिशेबाने. रात्रीच्या बाजूला यान विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे निघतं, तिथे शून्य. पुढे दक्षिण ध्रुवावर ९०, दिवसाच्या बाजूला विषुववृत्तावर १८०, उत्तर ध्रुवावर २७०. हे अंश दहापट करून, अर्ध्या अंशाच्या टप्प्याने लिहितात; म्हणून शेवटचा अंक ० किंवा ५ असतो. तुमच्या चित्रात १७८ वजा १८०, म्हणजे २ अंश दक्षिण. ३ ऑक्टोबर २००६ रोजी टिपलेलं हे व्हिक्टोरिया विवर आहे. मधला आकडा फेरीचा, 'टीआरए' मोहिमेच्या टप्प्याचा. नंतरची चित्रं 'पीएसपी' आणि 'ईएसपी'ची.

१८० वजा करायचं ते ०९०० ते २७०० या दिवसाच्या बाजूपुरतंच. ४००१ म्हणजे मंगळाचा चंद्र फोबोस, ४००२ म्हणजे दुसरा चंद्र डायमॉस. तिथे वजाबाकी केलीत तर मंगळावर नसलेली जागा हाती येईल. शिवाय हा अक्षांश आधी ठरवलेल्या मध्यबिंदूचा आहे. नकाशावर बिंदू मांडायचा असेल तर चित्रासोबतच्या लेबलमधलेच (माहितीच्या फाइलमधलेच) आकडे घ्या.

सगळ्यात जास्त घोळ एक्सेलमध्ये होतो. नाव तोडून रकान्यांत टाकलं की ०००८७३ चं ८७३ होतं आणि पुन्हा जोडलेल्या नावाने फाइल सापडत नाही. आयात करतानाच रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

प्रश्न : त्याच यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याच्या नावात '०६एन२०८डब्ल्यू' येतं. हायराइजच्या लेबलशी रेखांश का जुळत नाही?

उत्तर : सीटीएक्सच्या नावातला रेखांश पश्चिमेकडे मोजलेला आहे, हायराइजच्या लेबलमधला पूर्वेकडे. ३६० मधून २०८ वजा करा, १५२ पूर्व मिळेल. दोन्ही कॅमेऱ्यांची एकाच वेळची चित्रं शोधताना मात्र रेखांशाच्या मागे लागू नका. फेरीचा क्रमांक आणि चार अंकी आकडा दोन्ही नावांत असतात. फेरीचा क्रमांक जुळवा; चार अंकी आकडा किंचित वेगळा असू शकतो.

प्रश्न : पीडीएस४ मधल्या (नासाच्या ग्रहांच्या माहितीसाठ्याच्या पद्धतीतल्या) नावाच्या शेवटी '::१.०' असतं. ते गाळलं तर चालेल?

उत्तर : नाही. तो आवृत्तीचा क्रमांक आहे. कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदींची दुरुस्ती) सुधारलं की नाव तेच राहतं, आवृत्ती बदलते. ती लिहिली नाही, तर तुम्ही मोजमाप नेमक्या कोणत्या फाइलवर केलं हे दुसऱ्याला कळणार नाही.