पानांवरचे डाग: कीड की पोषणाची उणीव?

डाग दिसताच खत घालू नका. आधी पान उलटून पाहा, कारण कीड बहुधा खालच्या बाजूला दडलेली असते. पानाखाली पांढरा कागद धरून ते हलकेच झटका. पडलेले बारीक ठिपके चालू लागले आणि चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर तो लाल कोळी समजावा. चंदेरी चट्टे आणि काळे कण ही फुलकिड्यांची खूण.

पोषणाच्या काही उणिवांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. जुन्या पानांपासून सुरुवात झाली तर मॅग्नेशियमची, कोवळ्या पानांवर दिसले तर लोहाची शंका घ्यावी. आपल्या आम्लधर्मी जांभ्याच्या मातीत लोह सहसा कमी पडत नाही. मॅग्नेशियम मात्र गोव्याच्या मुसळधार पावसात सहज वाहून जाते.

पावसाळ्यात बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) कुंड्यांबाबत मी तिसरी शक्यता आधी तपासते: पिवळी कड असलेले, पसरत जाणारे तपकिरी डाग बहुतेकदा बुरशीचे असतात, आणि तेव्हा रोगट पाने काढून, पाणी कमी करून हवा खेळती ठेवणे खतापेक्षा कितीतरी महत्त्वाचे ठरते.

कीड सापडल्यास एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघत असल्याने आठवड्याने पुन्हा फवारा.