'मणक्यातील गॅप' आणि कंबरदुखी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कंबरदुखीविषयी आहेत. त्यांतील तीन येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण तीच शंका इतर अनेकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारली आहे.

प्रश्न : माझे वय ४४ असून मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. चार महिन्यांपूर्वी वर्गातील बाक सरकवताना कंबरेत उसण भरली. दुखणे आता बरेच कमी आहे. मात्र एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये 'डिस्क बल्ज' असल्याचे लिहिले असून, 'मणक्यात गॅप आहे, वाकू नका, वजन उचलू नका' असे मला सांगण्यात आले. तेव्हापासून मी दिवसभर कंबरपट्टा बांधते, जमिनीवर सतरंजी टाकून झोपते आणि केर काढणेही सोडले आहे. पायात कळ येत नाही. ही गॅप भरून येईल का, की शस्त्रक्रिया करावी लागेल?

उत्तर : 'पायात कळ येत नाही' हे आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे, आणि ते अहवालापेक्षा अधिक सांगणारे आहे. दोन मणक्यांमधील मऊ चकती (डिस्क) सरकून मज्जातंतूवर दाब आला, तर वेदना बहुधा नितंबातून मांडीमागे आणि गुडघ्याच्या खाली पोटरीत किंवा पावलात उतरते, मुंग्या येतात, कधी अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. यांपैकी काहीही नसताना केवळ अहवालातील एका ओळीवरून शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे कारण नाही.

आता 'गॅप'विषयी. हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला आहे, आणि त्याने जितके लोक अंथरुणाला खिळवले तितके चकतीने खिळवले नसतील, असे माझे मत आहे. दोन मणक्यांमध्ये अंतर असतेच आणि असायलाच हवे, कारण तेथे चकती असते. साध्या एक्स-रेमध्ये चकती दिसत नाही, म्हणून ती जागा रिकामी भासते. वयानुसार चकतीतील पाण्याचा अंश कमी होतो, तेव्हा हे अंतर वाढत नाही, उलट घटते. म्हणजे 'गॅप पडली' हे वर्णनच उलटे आहे, आणि भरून काढावी अशी कोणतीही फट आपल्या कंबरेत नाही.

'बल्ज' म्हणजे चकतीची कड थोडी बाहेर फुगणे. पाठ मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३० टक्के, चाळिशीतील निम्म्या आणि ऐंशीच्या घरातील ८४ टक्के व्यक्तींमध्ये असा फुगवटा आढळला. केस पांढरे होण्यासारखाच तो वयाचा भाग आहे, आणि तो आपल्या दुखण्याचे कारण आहे असे छायाचित्रावरून म्हणता येत नाही. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये अमुक एका हाडाकडे किंवा चकतीकडे बोट दाखवता येत नाही. स्नायू, अस्थिबंध (हाडांना जोडणारे चिवट पट्टे), लहान सांधे, झोप, चिंता आणि हालचालींची सवय यांचा तो एकत्रित परिणाम असतो.

म्हणूनच, कोणतेही धोक्याचे लक्षण नसताना पहिल्या काही आठवड्यांत एमआरआय करू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. धोक्याची लक्षणे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भागाला व गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा दोन्ही पायांतील ताकद जाणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. ताप, घटणारे वजन आणि विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीनेही नवी पाठदुखी अंगावर काढू नये.

आपण करावयाची पहिली गोष्ट म्हणजे कंबरपट्टा हळूहळू सोडणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत नेहमीच्या उपचारात पट्टा आणि वजन लावून ताणणे या दोहोंचीही शिफारस केलेली नाही. कठीण जमिनीवर झोपण्याचा आग्रहही सोडावा. स्पेनमधील ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिकठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. घरातील कापसाची, फार न दबलेली गादी पुरेशी आहे; त्यासाठी महागडी खरेदी करू नये.

दुसरी गोष्ट चालणे. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांच्या अभ्यासात (२०२४) कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांपैकी एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवण्यास सांगितले. या गटात दुखणे पुन्हा उलटण्यापूर्वीचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या लोकांचे दुखणे उलटेपर्यंत गेलेला काळ) २०८ दिवस होता, तर असे मार्गदर्शन न मिळालेल्या दुसऱ्या गटात ११२ दिवस. आपण सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडी भर घालून आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत पोहोचावे. वाकणे हे पाप नाही. आधी उभ्याने वापरता येईल अशा लांब दांड्याच्या झाडूने केर काढावा, पुढे नेहमीच्या केरसुणीवर यावे. बादली अर्धी भरून, अंगाजवळ धरून उचलावी. वर्गात एकाच स्थितीत तास काढण्यापेक्षा उभे राहणे, बसणे आणि बाकांमधून फिरणे यांचा पालट ठेवावा. सुरुवातीला थोडे दुखेल. त्याचा अर्थ इजा होत आहे असा नव्हे, तर चार महिने न वापरलेले स्नायू पुन्हा कामाला लागत आहेत असा आहे.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. माझ्या आईचे वय ७० असून दम्यासाठी ती अनेक वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहे. गेल्या आठवड्यात पाण्याचा हंडा उचलताना तिच्या पाठीत जोराची चमक निघाली. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतला की उसण जाते, असे शेजारी सांगतात. तसे करावे का?

उत्तर : कृपया करू नये. साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत आपोआप ओसरते, त्यामुळे त्या दिवसांत जे केले त्याला श्रेय मिळते. या समजुतीचे मूळ त्यातच असावे. आपल्या आईची उसण मात्र साधी आहे असे धरून चालता येणार नाही. सत्तरीचे वय आणि दीर्घकाळचे स्टेरॉइड या दोहोंमुळे हाडे ठिसूळ होतात, आणि अशा वेळी हंडा उचलण्याच्या जोरानेही मणका चेपतो. चेपलेल्या मणक्यावर लाथ किंवा जोराचे मालिश बसले, तर अस्थिभंग वाढू शकतो. त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेऊन पाठीचा एक्स-रे काढावा, आणि उंची कमी झाल्यासारखी वाटते का किंवा पाठीला अलीकडे पोक आले आहे का, हे आठवून सांगावे. मणका चेपला असल्यास केवळ वेदनाशामके पुरत नाहीत. हाडांच्या ठिसूळपणावरील औषध, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व यांचा विचार करावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा मणका चेपण्याची भीती राहते. स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने अचानक बंद करू नयेत. ते प्राणावर बेतू शकते.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून पुण्यात संगणकावर काम करतो. वर्षभरापासून पहाटे कंबरदुखीने जाग येते, सकाळी तासभर कंबर आखडलेली असते आणि चालू लागल्यावर मोकळी होते. सुट्टीच्या दिवशी लोळत राहिलो तर त्रास वाढतो. दोनदा खुर्ची बदलली, उपयोग झाला नाही.

उत्तर : खुर्चीचा दोष असता, तर दिवसभर बसून संध्याकाळी दुखणे वाढले असते. तरुण वयात हळूहळू सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी दाहजन्य असण्याचा संभव असतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा मणक्यांना आणि कंबरेच्या सांध्यांना दाह होऊन ते आखडवणारा संधिवात याच रीतीने सुरू होतो. आपण संधिवाततज्ज्ञांना भेटावे. सुरुवातीची काही वर्षे एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून गरज पडल्यास पाठीचा कणा जेथे कंबरेच्या तळाशी ओटीपोटाच्या हाडांना जोडला जातो, त्या सांध्यांचा एमआरआय काढतात. पहिल्या उत्तरात मी ज्या तपासणीबद्दल सावध केले, ती येथे योग्य आहे. एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी मदत करते, पण ती अनेक निरोगी व्यक्तींमध्येही होकारार्थी येते, त्यामुळे केवळ तिच्यावर निदान होत नाही. रोजचा व्यायाम आणि दाह कमी करणारी औषधे यांवर बहुतेकांना चांगला आराम पडतो, आणि ती न पुरल्यास जैविक औषधे (दाह घडवणारे शरीरातील ठरावीक घटक रोखणारी 'बायोलॉजिक' औषधे) उपलब्ध आहेत. या आजारात डोळ्याच्या आतही दाह होऊ शकतो. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईनासा झाला, तर घरातले थेंब घालून वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.