अलायनमेंटचा कागद हिरवा, गाडी मात्र डावीकडेच

निपाणीकडच्या भाऊंनी लिहिलंय, पुढे दोन नवे टायर घातल्यापासून गाडी डावीकडे ओढते, अलायनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोनदा झालं, आणि आता सर्व्हिसवाले स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) बदला म्हणताहेत. भाऊ, रॅकला एवढ्यात हात लावू देऊ नका. आमच्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, फक्त आम्ही बेळगावचे. मी गाड्यांचा मिस्त्री नव्हे, उद्यमबागेत लेथवर हयात गेलेला माणूस. पटलं तर घ्या.

हवा बघितली असणारच, ते सोडतो.

आमच्या सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही. एसी केबिन, फुकट चहा, सगळं झकास. गाडी मशीनवर चढवायचे, कागद काढून द्यायचे, आकडे सगळे हिरवे, म्हणजे मर्यादेत. वर, "सर, गाडी ओके आहे, रस्त्यालाच उतार आहे." आता उतार असतो हे खोटं नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता करतात, आपण चालवतो डाव्या अंगाने, त्यामुळे स्टेअरिंग सैल सोडलं तर चांगली गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. पण सरकणं वेगळं आणि ओढणं वेगळं. पिरनवाडी ओलांडेपर्यंत माझे दंड भरून यायचे. शिवाय जुन्या टायरवर त्याच रस्त्याला तीच गाडी सरळ जात होती, मग उतार काय नव्या टायरबरोबर आला की काय? असं विचारल्यावर साहेब कॉम्प्युटरात बघायला लागले. इतक्या फेऱ्या झाल्या, पण एकाही पठ्ठ्याने गाडीत बसून चक्कर मारली नाही. पुढे दोन्ही लोअर आर्म (चाक खालून गाडीला धरून ठेवणारे हात) बदलले, बिल हातात ठेवलं, गाडी डावीकडेच. मग निघाला रॅकचा विषय. आठवलं की अजून डोकं तापतं.

तुमचा तो कागद परत काढून बघा. टो, म्हणजे चाकं वरून बघता आत किंवा बाहेर वळलेली असणं, बिघडला की टायर खातो, स्टेअरिंग वाकडं बसतं, पण तेवढ्याने गाडी सहसा ओढत नाही. ओढते ती डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये (समोरून बघता चाकाचा कल) किंवा कास्टरमध्ये (चाक ज्या आसावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) फरक पडला तर. आणि आपल्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांना जुळवता येतो फक्त टो. तेव्हा "अलायनमेंट केलं" याचा अर्थ बहुतेक वेळा टाय रॉड, म्हणजे रॅक आणि चाक जोडणारी सळई, थोडा फिरवला, एवढाच. आमच्या कागदावर कास्टरचा रकाना चक्क कोरा होता! तो मोजायचा तर चाकं डावीकडे-उजवीकडे वळवून घ्यावी लागतात. तेवढी तसदी घेतली नव्हती.

उत्तर मिळालं जांबोटीच्या अलीकडे, एका पंक्चरवाल्या मामांकडे. मागच्या चाकात खिळा शिरला म्हणून थांबलो होतो, बोलता बोलता रडगाणं गायलं. मामांनी काही न बोलता जॅक लावला, पुढचं डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे. "जाऊन या जरा." गेलो तर गाडी उजवीकडे ओढायला लागली! दोष टायरात. आतले पट्टे बसवताना एका बाजूला थोडे सरकले तर टायर वरून गोल दिसतो, बॅलन्सिंगलाही बरोबर येतो, पण चालताना निमुळता पेला जमिनीवर गडगडावा तसा एका अंगाला वळतो. अलायनमेंटचं मशीन उभ्या गाडीच्या चाकांचे कोन मोजतं, त्याला हे कळायचं कसं?

तर आधी एवढंच करा, पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र अशी अदलाबदल नको, टायरवाल्यालाच विचारा. रेडियल टायरची बाजू बदलू नये असं जुने लोक सांगतात, पण तपासण्यापुरतं दोन-चार किलोमीटर चालवल्याने काही होत नाही, हे माझं मत. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरात. ओढ गेलीच, तर गप्प बसा आणि तशीच चालवा. तरीही डावीकडेच ओढत राहिली तर ब्रेक बघा. फारसा ब्रेक न मारता थोडं लांब चालवून या आणि पुढच्या दोन्ही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. डावी जास्त तापली असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणारा चिमटा, अडकतोय. आपल्याकडच्या पावसात आणि ऊस-हंगामाच्या चिखलात तो ज्यांवर सरकतो त्या पिना घट्ट धरतात. साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, साधं लावलं की रबर फुगतं. ब्रेक मारल्यावरच डावीकडे जात असेल तर गोष्ट उलटी, तेव्हा उजवा ब्रेक कमी धरतोय का ते आधी बघायचं.

टायरच निघाला तर बिल घेऊन दुकानदाराकडे लगेच जा. नक्षी झिजल्यावर क्लेमला हजार फाटे फोडतात. नाही म्हणाला तर टायर रिमवर उलटा करून बसवून बघा म्हणावं, बाण नसेल तरच. आमचा तो टायर शेवटी मागे टाकला, तिथे त्रास जाणवत नाही. लोअर आर्मचे पैसे तेवढे कुणी परत दिले नाहीत.