वाटणीनंतरची येळवस

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात शिक्षक आहे. दोन भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण आणि म्हातारी आई यांच्यावर कादंबरी लिहितो आहे. काळ १९८८चा आहे. वडील वारल्यावर बारा एकरांची वाटणी होते आणि घर फुटते. मित्रांचे म्हणणे असे, की सगळे सारखे भांडतात आणि धाकटी जाऊ मालिकेतली खलनायिका वाटते. शिवाय भाऊबंदांनी स्वतःला ओळखले तर काय करावे, ही धास्ती आहेच.

उत्तर : आपण पाठवलेले वाटणीचे प्रकरण मी दोनदा वाचले. त्यात चार भांडणे आहेत आणि चारही वेळा प्रत्येक जण पोटातले सगळे ओकून मोकळा होतो. आपल्याकडच्या घरांत असे क्वचितच होते. १९७२च्या दुष्काळात आपण शाळा सोडून खडी फोडायला गेलो आणि धाकटा मात्र अंबाजोगाईला शिकत राहिला, हा सल सोळा वर्षे जपणारा थोरला त्याविषयी अवाक्षर काढणार नाही. तो हातघाईवर येईल सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून. बारा एकर वाटता येतात, विहीर वाटता येत नाही, हे आपल्या हातात आयते आलेले आहे आणि आपण ते एका वाक्यात संपवले आहे.

धाकट्या जावेला खलनायिका तिच्या स्वभावाने केलेले नाही, तर तिचा हिशेब आपण मांडलेला नाही म्हणून ती तशी झाली आहे. तीच विहीर खोल करताना तिच्या पाटल्या गहाण पडल्या आणि पुन्हा सुटल्याच नाहीत, एवढे आधी कुठे तरी सहज येऊ द्या. मग ती ‘आमचं आम्हाला वेगळं द्या’ म्हणेल तेव्हा वाचक थोरल्याकडे पाहील.

बहिणीच्या बाबतीत मात्र मला थेट चूक दाखवावी लागेल. ती वडिलोपार्जित जमिनीत भावांइतकाच हिस्सा हक्काने मागते. पण १९८८ साली मुलीला तसा हक्क जन्माने नव्हता, वडिलांच्या स्वतःच्या हिश्शातूनच काय ते तिला मिळत असे. महाराष्ट्रात जन्मसिद्ध हक्क आला १९९४मध्ये आणि तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता. लग्नाची ही अट गेली २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने. तेव्हा एक तर काळ पुढे न्या, किंवा तिचा तो लहानसा वाटाच कथेत आणा. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, कारण त्या लहानशा वाट्यासाठीसुद्धा भाऊ तिला हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याला घेऊन जातील, परतताना साडी घेतील, आणि माहेर तुटू नये म्हणून सही करणारी ती, साडीचा रंग कोणी निवडला हे आयुष्यभर विसरणार नाही. त्या साडीवर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते.

ओळखू येण्याच्या धास्तीबद्दल फार लिहीत नाही. गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या बदला, आणि कोणाच्या तोंडची खास लकब असेल तर ती आधी काढा, कारण माणसे प्रसंगावरून नव्हे, लकबीवरून ओळखली जातात. माझी एक कथा ज्या मामावर बेतलेली होती, ते ती वाचून खूश झाले आणि जिचा ज्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता, त्या चुलत्यांनी दोन वर्षे अबोला धरला. त्यावर उपाय नाही.

राहिली येळवस, म्हणजे आपल्याकडे वेळा अमावस्येला शेतात पांडवांचे पाच दगड पुजून तिथेच जेवायचा सण. आपल्या भागातला लेखक घर फुटल्याची गोष्ट लिहितो आणि वेळा अमावस्येला फक्त ‘सण उदास गेला’ म्हणतो, हे मला पटले नाही. पांडवांचे पाच दगड थोरल्याच्या वाट्याला गेले आहेत, म्हणून धाकट्याने नव्या बांधाच्या अलीकडे दुसरे पाच दगड चुन्याने रंगवून कडब्याची वेगळी कोप, म्हणजे पूजेची खोपटी, उभारली आहे. दोन्हीकडे भज्जी, म्हणजे या सणाची मिसळीची भाजी, शिजते आहे आणि आंबिलीचे बिंदगे, म्हणजे घडा, मात्र घरात एकच. ते बिंदगे डोक्यावर घेऊन आई शेताच्या वाटेला लागली आहे. ती आधी कोणत्या कोपीत शिरते ते ठरवा, आणि त्या वेळी दोन्ही सुनांना काही बोलू देऊ नका.