ला वेराच्या डोहांवर जाताना युस्तेचा मठ वगळावा का?

आपण विचारले आहे की माद्रिदहून तीन दिवसांसाठी पश्चिम स्पेनमधल्या, ग्रेदोस डोंगराच्या पायथ्याच्या ला वेरा भागात जाताना डोहांसाठी कोणता महिना योग्य, स्वतःची गाडी नसेल तर जमेल का, आणि बरोबर दोन लहान मुले व सासूबाई असल्यामुळे युस्तेचा मठ वगळून सगळा वेळ पाण्यातच घालवला तर काही बिघडेल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणीही देईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र मला द्यायचेच आहे, कारण हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. मठ वगळू नये. ‘तिथे नुसत्या रिकाम्या खोल्या आहेत असे ऐकले’ असे आपण लिहिले आहे. नेमके हेच शब्द माझ्या थोरल्या दिरांचे आहेत, आणि ते मला तेव्हाही पटले नव्हते.

आम्ही माद्रिदला राहतो. भावोजी, जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि सासूबाई नाशिकहून आले ते ऐन जुलैमध्ये, आणि शहरातल्या उन्हाने सगळे हैराण झाल्यावर डोंगरात जायचे ठरले. भावोजींनी आदल्या रात्रीच कागदावर आखणी केली होती. तीत रोज एक डोह होता आणि मठाच्या नावावर फुली होती. मुलाला कंटाळा येईल, आईंचे गुडघे दुखतील, आणि माद्रिदचा राजवाडा बघून झाल्यावर एका संन्यासी राजाचे घर बघायला पुन्हा तिकीट कशाला काढायचे, अशी त्यांची तीन कारणे होती. इतिहास एका दिवशी आणि मौजमजा दुसऱ्या दिवशी, अशी वाटणी करणाऱ्यांशी माझे कधीच जमलेले नाही. बऱ्याच वादावादीनंतर सकाळी मठ आणि दुपारी पाणी अशी तडजोड झाली.

ज्या राजाचे हे घर, तो पाचवा चार्ल्स, स्पेनमधला पहिला कार्लोस. अर्धा युरोप आणि अमेरिकेतील अफाट मुलूख ताब्यात असलेल्या या माणसाने १५५५ आणि १५५६ मध्ये ब्रसेल्सला एकामागून एक मुकुट उतरवून ठेवले, १५५६च्या सप्टेंबरमध्ये तो स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर लारेदोला उतरला आणि नोव्हेंबरमध्ये शेजारच्या हेर्ते खोऱ्यातल्या तोर्नावाकासहून डोंगर ओलांडून ला वेरातल्या हारान्दीयाला पोहोचला. घोड्यावर बसवत नव्हते, म्हणून अवघड वाटेवर त्याला माणसांनी उचलून आणले. युस्तेचे घर तयार नव्हते, त्यामुळे तो फेब्रुवारी १५५७पर्यंत हारान्दीयाला ओरोपेसाच्या सरदाराच्या किल्ल्यातच राहिला. (तिथे आता सरकारी हॉटेल आहे; मुक्काम न करताही अंगणात बसून कॉफी घेता येते, आणि ती अवश्य घ्यावी.) युस्तेला तो सुमारे दीड वर्ष जगला आणि २१ सप्टेंबर १५५८ रोजी तिथेच वारला.

घर लहानच आहे, हे मान्य. मठाच्या चर्चला टेकून बांधलेल्या मोजक्या खोल्या, आणि वर जायला पायऱ्यांऐवजी लांब उतरण, कारण गाऊटने, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या आजाराने, पाय धरलेल्या राजाला जिना चढवत नव्हता. तोलेदोला प्रत्येक जिन्यापाशी ‘तुम्ही या बघून’ म्हणून खाली बसून राहिलेल्या आमच्या सासूबाई ही उतरण बघून कोणाचाही हात न धरता वर गेल्या. निजायच्या खोलीत भिंतींवर काळे कापड आहे आणि पलंगाजवळचे दार थेट चर्चच्या वेदीकडे उघडते. हे दार कशासाठी, असे त्यांनी विचारले. अंथरुणात पडूनही प्रार्थना ऐकता यावी म्हणून, असे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे पलंगावरूनच आरती घ्यायचे की हे!” पुढच्या दालनात पाय लांब करून ठेवायची सोय असलेली खुर्ची पाहिली आणि त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, की इतका त्रास होता तर पथ्य काय होते. पथ्य नव्हतेच, बिअर, मांस आणि समुद्रावरून मुद्दाम मागवलेली कालवे असा आहार होता, हे ऐकल्यावर “मग दुखणारच,” एवढे बोलून त्यांनी त्या साम्राज्याचा निकाल लावला. त्याच्या बोटाचे एक पेर वेगळे जपून ठेवलेले होते आणि त्याच्या तपासणीतून गाऊटचे निदान २००६ मध्ये पक्के झाले, हे मी त्यांना नंतर सांगितले; त्यांना त्याचे काहीच आश्चर्य वाटले नाही.

भावोजींनी खोल्या चालता चालताच उरकल्या आणि ते घरासमोरच्या मोठ्या तळ्याच्या कठड्यापाशी जाऊन बसले. पाणीच बघायचे तर हे काय वाईट आहे, असे वर मलाच ऐकवले. आता यातली गंमत पाहावी. हे तळे म्हणजे त्या घराचा निम्मा अर्थ आहे. राजा गच्चीत बसून याच पाण्यात मासे धरायचा. जगातले कोणतेही शहर निवडता आले असते अशा माणसाने ही जागा निवडली ती इथली सौम्य हवा, झाडी, एकांत आणि डोंगरातून येणारे पाणी यांसाठी. तो गेला तो हिवतापाने, आणि डासांचा दोष अशाच साचलेल्या पाण्याकडे जातो. तेव्हा मठ वगळून फक्त पाणी बघू म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ इतिहासातच घालवला, हे मी त्यांना तिथेच सांगितले. त्यांनी ते अजून कबूल केलेले नाही.

मुलांच्या कंटाळ्याचे म्हणाल, तर मठाकडून क्वाकोस गावाकडे येताना रस्त्यालगत जर्मन सैनिकांची दफनभूमी लागते. दोन्ही महायुद्धांत स्पेनच्या किनाऱ्यावर वाहून आलेले खलाशी, विमाने कोसळून मेलेले वैमानिक अशा १८० जणांना ठिकठिकाणच्या कबरींतून इथे आणले आणि १९८३ मध्ये ही जागा तयार झाली. ऑलिव्हच्या झाडांखाली एकसारखे काळसर ग्रॅनाइटचे क्रूस आहेत आणि त्यांवर नाव, हुद्दा, जन्म आणि मृत्यूची तारीख एवढेच आहे. आमचा पुतण्या, ज्याला कंटाळा येणार होता तो, रांगेरांगेने वजाबाक्या करत फिरला आणि गाडीत बसल्यावर त्याने आईला विचारले की अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना विमानात कोण बसवते. मुलांना कंटाळा येतो तो मोठ्यांनी काही न सांगितल्यामुळे, जागेमुळे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी आम्ही गार्गान्ता ला ओया गावाजवळच्या लास पिलातीयास या डोहावर गेलो. या भागात ओढ्यांना उन्हाळ्यात लहान बांध घालून किंवा झडपा लावून पाणी अडवतात, काठाला पायऱ्या आणि हिरवळ असते, एखादी खानावळ असते, आणि हंगाम संपला की पाणी पुन्हा मोकळे सोडतात. लोसारजवळ जुन्या दगडी पुलाखालचा क्वार्तोसचा डोह, हाराईसचा ‘एल लागो’, माद्रिगालचा आलार्दोस असे कितीतरी आहेत, आणि त्यांत डावे-उजवे करत बसण्यात अर्थ नाही. मुक्कामाला जो जवळ तो चांगला. पाणी ग्रेदोसच्या डोंगरातून उतरते, त्यामुळे भर जुलैतही पहिल्या डुबकीला श्वास अडकतो.

वेगळा दिवस द्यावा तो डोंगरापलीकडच्या हेर्ते खोऱ्यातल्या लोस पिलोनेसला. इन्फिएर्नोस घळीतल्या ग्रॅनाइटच्या पात्रात, भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेली कुंडे एकाखाली एक उतरत गेली आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रात ज्यांनी रांजणखळगे पाहिले आहेत त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की तिथला खडक आपला काळा बेसाल्ट आहे आणि इथला ग्रॅनाइट पांढुरका, पाण्याने गुळगुळीत झालेला. भावोजी इथे खूश झाले आणि ‘बघ, याला म्हणतात बघण्यासारखे’ असे म्हणाले. याच घळीचा वरचा भाग ओलांडून १५५६ मध्ये राजाला पलीकडे नेले होते, आणि तोर्नावाकास ते हारान्दीया ही वाट आजही त्याच्या नावाने चालली जाते, हे ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत.

राहिलेल्या प्रश्नांबद्दल थोडे. पोहण्यासाठी जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ बरा. पावसाचे वर्ष कोरडे गेले असेल तर ऑगस्टअखेर काही डोहांत पाणी फार उतरते. हेर्तेच्या चेरीचा बहर पाहायचा असेल तर मार्चअखेर ते एप्रिलचा आरंभ, पण मग पाण्यात उतरायचा विचार सोडावा. गाडीशिवाय जमेल असे मी म्हणणार नाही: माद्रिदहून गावांपर्यंत बस येते, पण गावातून डोहावर आणि डोहावरून मठात नेणारे सोयीचे काही नाही. गाडी भाड्याने घ्यावी, आणि भारतीय परवाना असल्यास त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणावा.

आता सावधगिरीचे, जे खरे तर आधी लिहायला हवे होते. शेवाळलेला ग्रॅनाइट अतिशय निसरडा असतो, म्हणून मागे पट्टा असलेल्या सपाता पाण्यातही पायात असू द्याव्यात. खडकांवरून उड्या मारणाऱ्या स्थानिक मुलांचे पाहून आपल्या मुलांना तसे करू देऊ नये. डोंगरमाथ्यावर ढग गडगडले तर आपल्या डोक्यावर ऊन असले तरी पाण्याबाहेर यावे, कारण लोंढा वरून येतो. लोस पिलोनेसला जाण्यासाठी माहिती केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटर चढउताराची पायवाट आहे. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना तिथे नेऊ नये. आमच्या सासूबाई त्या दिवशी खालीच थांबल्या. म्हणजे आईंना झेपणार नाही म्हणून ज्या मठावर फुली मारली होती तो त्यांना झेपला, आणि झेपला नाही तो भावोजींच्या यादीतला पहिला डोह. मठ सोमवारी बंद असतो, एवढे पाहून दिवस ठरवावेत.