पगोडा घेताय? आधी पत्रा बघा

मर्सिडीजच्या 'पगोडा' या जुन्या स्पोर्ट्स कारचं (कंपनीचा कोड डब्ल्यू 113) इंजिन दुरुस्त होतं, पण गंजलेल्या मोनोकॉक बॉडीत (सांगाडा आणि बॉडी एकच असलेल्या) भल्याभल्यांचं दिवाळं निघतं. म्हणून चुंबक घेऊनच जा. बॉनेट, डिकीचं झाकण आणि दरवाजांचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे. तिथे चुंबक चिकटता कामा नये. फेंडर (चाकांवरचे पत्रे) मात्र लोखंडी. तिथे चुंबक घसरला, तर खाली पुट्टी आहे असं समजा. हेडलाइट काढून कडेला कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे (ठिपक्यांनी केलेल्या जोडणीचे) गोल खड्डे शोधा. ते दिसत नसतील, तर फेंडर बदललाय किंवा भरलाय. मग खाली झोपून सिल (दरवाजाखालची पट्टी), जॅक पॉइंट आणि फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचा. नवं अंडरकोटिंग (गाडीच्या पोटाला दिलेला थर) दिसलं की त्याखाली गंज लपवलेला असू शकतो, म्हणून जास्तच जोरात टोचा!

चेसिस नंबरात 113042 म्हणजे 230 एसएल, 043 म्हणजे 250, 044 म्हणजे 280. पुढचा आकडा 1 असेल तर स्टिअरिंग डावीकडे, 2 असेल तर उजवीकडे. त्यापुढे 0 मॅन्युअल, 2 ऑटोमॅटिक.

1963 ते 1971 या काळात 48,912 गाड्या बनल्या. मध्ये खोलगट असलेल्या हार्डटॉपमुळेच 'पगोडा' हे नाव पडलं; तो आकार डिझायनर पॉल ब्राक यांच्या काळातला, देखणा आणि मजबूतही.

गरम इंजिन काळा धूर सोडत असेल, तर लगेच इंजेक्शन पंप उघडू नका. आधी पंपावरच्या वॉर्म-अप यंत्रणेचा (थंड इंजिनाला जादा इंधन आणि हवा देणारी) छोटा एअर फिल्टर बघा. इंजिन तापल्यावर तिथून हवा ओढली जाणं थांबलंच पाहिजे. थांबत नसेल, तर त्या यंत्रणेचा थर्मोस्टॅट तपासा.