हाल्प फिअर म्हणजे साडेतीन

तुम्ही विचारलंय: ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी स्टुटगार्टला यायचंय, जर्मनची ए-टू ही पातळी झालीय, इंग्रजी उत्तम आहे, तर रोजच्या बोलण्यात फसगत कुठे होईल? मी इथे अकरा वर्षं आहे. उत्तर जरा उफराटं वाटेल, पण तुम्हाला फसवेल ते तुमचं इंग्रजीच. मराठी बऱ्याचदा सोडवेल.

पहिल्याच महिन्यात मला घर बघायला 'हाल्प फिअर'ला बोलावलं होतं. हाल्प म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. मी साडेचारच्या ठोक्याला हजर! घरमालकीणबाई खाली कचऱ्याचे डबे ओढत होत्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं आणि आत निघून गेल्या. हाल्प फिअर म्हणजे साडेतीन. चौथा तास अर्धा झालेला. घर हातचं गेलं.

चुटपुट जास्त याची की आपला 'अडीच' नेमका असाच घडलाय. मूळ संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. त्यामुळे 'हाल्प द्राय' म्हणजे थेट आपले अडीच. दीड तास, दीड किलो यांतल्या दीडलाही त्यांच्याकडे 'आंडरटहाल्प' हा एकच शब्द आहे. पुढे आपण 'साडे' लावायला लागलो, एवढाच फरक.

आकड्यांचंही तसंच. 73 ते 'तीन आणि सत्तर' असं म्हणतात. फोन नंबर बरेचदा जोडीजोडीने सांगतात. तेव्हा मनात 'त्र्याहत्तर' म्हणा आणि लिहा. इंग्रजीतून गेलात तर 37 लिहून बसाल. मी बसलेय.

'गिफ्ट' म्हणजे विष, हे तुम्हाला क्लासमध्ये सांगितलं असेलच. हे सांगितलं नसेल की 'मिटगिफ्ट' म्हणजे हुंडा. मूळ अर्थ 'देणं' तिथे टिकला, सुट्या शब्दात विषारी झाला. 'हँडी' म्हणजे मोबाईल. असे शब्द आठवड्याभरात अंगवळणी पडतात, त्यांची काळजी नको.

घरभाड्याच्या शब्दांची मात्र करा. 'काल्टमीटे', थंड भाडं, म्हणजे नुसत्या जागेचं. 'वार्ममीटे', गरम भाडं, म्हणजे त्यात हीटिंग आणि इमारतीचे इतर खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहूनही वेगळं. जाहिरातीतला मोठा आकडा थंड की गरम, ते आधी विचारा.

स्टुटगार्टची बोली श्वेबिश, आणि तिची गंमत वेगळीच. पुस्तकातल्या जर्मनमध्ये 'फूस' म्हणजे पाऊल, पण इथली म्हातारी माणसं अख्ख्या पायाला फूस म्हणतात. आपला 'पाय' कसा, नखापासून मांडीपर्यंत कुठेही दुखतो, तसाच. आणि शेजारच्या आजींनी पांघरायला 'टेपिश' दिला तर दचकू नका. पुस्तकात तो गालिचा, इथे ब्लँकेट.

लिंगं आपल्यासारखीच तीन, पण जुळवायला जाऊ नका: सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी, 'मेडशन', चक्क नपुंसकलिंगी. क्लासमधले सगळे यावर हसले, मी नाही. आमच्या कुडाळकडे 'चेडू', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगीच.

आणि घर बघायची वेळ कुणी तोंडी दिली, तर लिहून मागा. 15:30 असं येईल.